मोहाच्या दारी उभे राहू नये

आज महाशिवरात्र. माघ वद्य पक्षातील या पुण्यपर्वावर घरोघरी उपोषण, अभिषेक, बिल्वार्चन आणि जागरण होईल. देवघरात बेलाची पाने, स्वयंपाकघरात कवठाची चटणी आणि वडीलधाऱ्यांच्या मुखी श्रीधरस्वामींच्या 'शिवलीलामृता'तील व्याधाची कथा, हे या दिवसाचे आपल्या महाराष्ट्रातील परंपरागत रूप होय. योगायोग असा की, यंदा शिवरात्रीनंतर तिसऱ्याच दिवशी, म्हणजे १८ फेब्रुवारी २०२६ च्या बुधवारी, आपल्या ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ सुरू होत आहे. त्या दिवसाला ते 'राखेचा बुधवार' म्हणतात. गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादिलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख केली जाते आणि धर्मगुरू ती भाविकांच्या कपाळी लावतात. मनुष्यदेह मातीचा आहे व अखेर मातीलाच मिळावयाचा आहे, याचे ते स्मरण असते. आपल्या कपाळीही आज भस्म आहे. ज्या महादेवाने मदनाला जाळून भस्म केले, त्याचे ते भस्म!

या दोन भस्मांच्या निमित्ताने आज मोहाविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात आले. गेली चाळीस वर्षे आम्ही कीर्तनाच्या गादीवरून षड्रिपूंवर बोलत आलो. पैठणसारख्या क्षेत्री गोदातीरी संस्कृत ग्रंथांच्या अध्ययनात आयुष्य गेले. काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन द्वारे असल्याचे गीतावचन सांगताना आमचा आवाज कधी अडखळला नाही. परंतु मोहाशी प्रत्यक्ष कसे वागावे, याचा धडा आम्हांस गतवर्षी नव्या मुंबईत एका ख्रिस्ती वृद्धेकडून मिळाला. तो वाचकांपुढे ठेवणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रारंभीच एका शंकेचे निरसन केलेले बरे. कीर्तनकाराने महादेवाच्या सणाला येशूची कथा का सांगावी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ही कथा मराठीला परकी नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने गोमंतकात आपल्या ओवी छंदात रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. पुढे १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग रचले, भजने रचली आणि कीर्तनेही केली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताजवळ पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व तिचे वेतन सोडून संन्यस्त वृत्तीने जगण्याचा मार्ग धरला. हाती पैसा न टिकणाऱ्या अशा पुरुषाबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाने मराठी घरांना हसवीत आणि रडवीत सांगितले आहे. आपला धर्म आपल्या ठिकाणी अढळ आहे. शेजाऱ्याच्या देवघरातील दिवा पाहिल्याने आपला दिवा मंदावत नाही.

आता मूळ वृत्तांताकडे वळू. २०२५ च्या शिवरात्रीचे कीर्तन आटोपून, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेकरिता आम्ही नेरूळ येथे चिरंजीवांकडे दीड-दोन महिने मुक्कामाला होतो. मुंबईची गर्दी हलकी व्हावी म्हणून १९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हा खाडीच्या या तीरावर मिठागरे, भातखाचरे आणि आगरी-कोळी बांधवांची गावे होती. पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे आखीव-रेखीव नगर उभे राहिले. आज येथे रुंद रस्ते आहेत, उद्याने आहेत आणि पावलोपावली बाजारही आहे. सीवूड्सला तर रेल्वेस्थानक आणि मॉल एकाच वास्तूत आहेत. दिवसभराच्या श्रमाने थकलेला मनुष्य लोकलमधून उतरला की, घरी पोहोचण्यापूर्वी बाजारच त्याचे स्वागत करतो. रोख पैसा नसला तरी हप्त्याची सोय आहे. आणि ज्याला बाजारात जाण्याचेही श्रम नकोत, त्याच्या खिशात मोबाईलच्या रूपाने अवघा बाजार आहेच.

आमच्या चुलत बंधूंचा नातू त्या वेळी चिरंजीवांच्या घरी राहत असे. मुलगा सुशील, नोकरी बरी, आईवडिलांचा एकुलता एक. त्याला मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळण्याचा नाद लागल्याचे एके दिवशी उघडकीस आले. प्रारंभी शंभर रुपये जिंकला आणि अखेर वर्षभराची शिल्लक गमावून मित्रांचा ऋणको झाला. घरात आकांत झाला. गावाकडे त्याच्या मातेने त्याच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली रक्कमही त्याने काहीतरी निमित्त सांगून मागवून घेतली होती.

अशा प्रसंगी घरातील कीर्तनकाराने काय करावे? आम्ही त्याला समोर बसविले आणि तासभर निरूपण केले. द्यूतापायी धर्मराजाचे काय झाले ते सांगितले, नळराजाची दशा सांगितली. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध आणि शेवटी बुद्धिनाश, ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील परंपरा श्लोकशः उलगडून दाखविली. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हांस आपल्या वाणीचे कौतुक वाटले. त्याच रात्री दीड वाजता पाणी पिण्यास उठलो, तर त्याच्या खोलीच्या दाराखालून मोबाईलचा निळसर उजेड दिसला.

शेजारी वसईकडील एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या घरातील आजींचे वय पंचाहत्तरीच्या आसपास. बोलणे वसईच्या मराठीतले, गोड आणि थोडके. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यापाशी आपली व्यथा मांडली. त्यांचा उपवासकाळ त्याच आठवड्यात सुरू झाला होता. त्यांनी मुलाला बोलावून घेतले आणि उपदेश असा काही केलाच नाही. एवढेच विचारले, "बाळा, हात वळवळतात ते किती वाजता?"

तो म्हणाला, "अकरानंतर. सगळे झोपले की."

"मग साडेदहाला तुझा फोन माझ्याकडे आणून दे. सकाळी चहाला ये आणि घेऊन जा. ईस्टरपर्यंत एवढं करू. मी पण या दिवसांत चहात साखर घेत नाही आणि कोणाची चहाडी करत नाही. साखर जमते रे, चहाडी जमत नाही. तू मला विचारायचं, आज आजी जिंकली की हरली. मी तुला विचारीन."

वाचकहो, आमच्या तासाभराच्या निरूपणाने जे झाले नाही, ते या चार वाक्यांनी होऊ लागले. मुलगा दोनदा घसरला, हेही लपवीत नाही. आजींनी त्याला रागे भरले नाही. "मोडला तो आजचा उपास. उद्याचा धर," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर पत्र्याचा एक डबा असे. जी वस्तू घ्यावीशी वाटली आणि घेतली नाही, तिचे पैसे त्या डब्यात टाकावयाचे आणि सणाच्या वेळी ते गरजूंना द्यावयाचे, हा त्यांच्या घरचा नेम. मुलगाही त्यात दहा-वीस रुपये टाकू लागला. एका रात्री तो आम्हांस म्हणाला, "आजोबा, तुम्ही सांगितलंत ते सगळं मला आधीच माहीत होतं. पण आजींनी स्वतःचं सांगितलं."

हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. आम्ही त्याच्यापुढे विजयी वीरासारखे बसलो होतो. त्या मात्र त्याच्या बाजूला सहप्रवाशासारख्या बसल्या. त्यांच्या या वागण्याचे मूळ त्यांच्या धर्मात कोठे आहे, हे जाणून घेण्यासाठी आम्ही त्यांच्याकडून त्यांचे मराठीतील पवित्र शास्त्र वाचावयास मागितले. डोळ्याची पट्टी निघताच प्रथम मत्तयकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचला.

त्यातील कथा अशी. येशू चाळीस दिवस आणि चाळीस रात्री अरण्यात उपाशी राहिला. भूक लागली तेव्हा सैतान जवळ आला. पहिला मोह भुकेचा: देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. दुसरा मोह प्रतिष्ठेचा: मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. तिसरा मोह सत्तेचा: मला नमन कर, जगातील सर्व राज्ये तुझी. येशूने चमत्कार केला नाही, शापही दिला नाही. तिन्ही वेळा त्याने शास्त्रवचनानेच उत्तर दिले, आणि ती तिन्ही वचने मोशेच्या 'अनुवाद' नामक ग्रंथातील आहेत. पाठांतरावर पोसलेल्या आमच्यासारख्याला ही गोष्ट फार भावली. भूक लागल्यावर धान्य पेरून भागत नाही, ते कणगीत आधीच असावे लागते. त्याचप्रमाणे मोहाच्या क्षणी ग्रंथ शोधून चालत नाही. वचन कंठी असावे लागते.

पण या कथेत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचताना आम्ही दचकलो. दुसऱ्या मोहाच्या वेळी सैतानही शास्त्रवचनच बोलतो! शिखरावरून उडी टाकण्यास सांगताना तो स्तोत्रसंहितेतील एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचा आधार देतो. म्हणजे पोथी केवळ मुखोद्गत असणे पुरेसे नाही. मोहालाही पोथी पाठ असते. "एकदा खेळून हरलेले भरून काढतो, मग कायमचे सोडतो" असे तो मुलगा स्वतःला समजावीत असे, तेव्हा त्याचा मोह धर्माचीच भाषा बोलत होता. "भक्तीचा प्रसार होतो" असे म्हणून आपल्या कीर्तनाची चित्रफीत किती जणांनी पाहिली, हे रात्री तीनतीनदा मोबाईलवर पाहणारे आम्ही, आमचा मोहही धर्माचीच भाषा बोलत होता. मंदिराच्या शिखरावर उभे राहून "मला पाहा" म्हणण्याचा मोह कीर्तनकाराइतका कोणाला जवळचा असणार? त्या मुलाच्या खोलीत रात्री जो निळसर उजेड दिसला, तोच आमच्याही उशाशी असे. फरक एवढाच की, आमचे पैसे जात नव्हते.

येशूने आपल्या शिष्यांना शिकविलेली एक प्रार्थना ख्रिस्ती घरांत रोज म्हटली जाते. तीत रोजच्या भाकरीची आणि अपराधांच्या क्षमेची याचना झाल्यावर शेवटी अशी विनवणी आहे की, आम्हांला परीक्षेत नेऊ नकोस, वाईटापासून सोडव. मूळ ग्रीक शब्दात परीक्षा आणि मोह हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. या ओळीच्या भाषांतरावर अलीकडेही विचारमंथन झाले. देव स्वतः माणसाला मोहात कसा ढकलील, या प्रश्नामुळे फ्रेंच व इटालियन भाषांतील प्रार्थनेचे शब्द गेल्या दशकात बदलण्यात आले. पंडितांचा वाद पंडितांनी करावा. आम्हांस त्या प्रार्थनेतील नम्रता मोठी वाटली. 'मोह येऊ दे, मी त्याला चीत करीन' असे भक्त म्हणत नाही. 'माझे पाय मातीचे आहेत, मला त्या दारी नेऊच नकोस' असे तो म्हणतो. आजींनी फोन साडेदहाला मागितला, अकराला नव्हे. त्या प्रार्थनेचा याहून सुबोध अर्थ कोणत्या भाष्यात सापडेल?

मोह मनात उद्भवणे हे पाप नव्हे, त्याला आसन देणे हे पाप, असाही विवेक ख्रिस्ती धर्माने केला आहे. येशूसारख्यालाही मोह आला, तेथे तुमची-आमची काय कथा! चौथ्या शतकात मिसर देशाच्या वाळवंटात तप करणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या साधूने मनात शिरणाऱ्या आठ दुष्ट विचारांची गणना केली. पुढे त्यांतूनच पोप ग्रेगरी यांच्या काळी सात महापापांची मांडणी झाली. आपल्या षड्रिपूंशी त्यांचे साम्य सहज ध्यानी येईल. तथापि त्या यादीत कीर्तीची हाव आणि अभिमान यांना शेवटचे व सर्वांत बिकट स्थान आहे. खादाडपणा जिंकलेल्या तपस्व्याला 'मी जिंकलो' हा विचार गाठतो, असा त्या वाळवंटातील साधूंचा अनुभव होता.

आता कोणी म्हणेल, हे सर्व आपल्याकडे नाही काय? आहे, निश्चित आहे. किंबहुना शेजारच्या घरी ते पाहिल्यावरच आम्हांस आपल्या घरातील ठेव्याची आठवण झाली. कठोपनिषदात यमधर्म बालक नचिकेत्यापुढे दीर्घायुष्य, धन, अश्व, अप्सरा आणि राज्य ठेवतो, आणि तो मुलगा ते नाकारून श्रेयस मागतो. संध्यावंदनात सकाळी रात्रीचे आणि सायंकाळी दिवसाचे, मनाने, वाणीने व हातांनी घडलेले पाप आठवून त्याचे निवेदन करावयाचे असते. सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताने दुपारी आणि रात्री आपल्या दोषांची मोजदाद करण्यास सांगितले, तेव्हा तो याच वाटेने चालत होता. भेद इतकाच की, त्याने ती मोजदाद वहीत रेघा ओढून ठेवण्यास सांगितले. आम्ही मात्र तो मंत्र अर्घ्य देण्याच्या घाईत पळीभर पाण्याबरोबर सोडून देतो. चाळीस वर्षांत तो म्हणताना आम्हांस एकही विशिष्ट पाप आठवले नव्हते, हे आज कबूल करतो.

आणि आजच्या रात्रीचा तो व्याध? त्याची कथा तरी दुसरे काय सांगते? दिवसभराचा उपाशी, झाडावर दबा धरून बसलेला, धनुष्याला बाण लावलेला, घरी लेकरे भुकेली. समोर मृगी येते आणि म्हणते, मी पिल्लांना भेटून येते. हाताशी आलेले भक्ष्य तो सोडतो. त्याला शास्त्र ठाऊक नाही, व्रत ठाऊक नाही. पाने बेलाची आहेत आणि खाली शिवलिंग आहे, याचीही त्याला वार्ता नाही. तरीही शंकर त्याच्यावर प्रसन्न होतो, कारण भुकेच्या ऐन क्षणी त्याने हात आवरला. आपण मात्र आज साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याचे पापड आणि बर्फी यांनी ताट भरून 'उपवास' करणार. उपवास म्हणजे देवाच्या समीप वास. फराळाच्या समीप नव्हे!

कॅथलिक पंथाच्या नियमाने राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी प्रौढांनी उपवास करावयाचा, उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करावयाचे. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस सेहेचाळीस होतात, पण रविवार हा आनंदाचा दिवस म्हणून वगळून चाळीस मोजतात. प्रार्थना, उपवास आणि दान ही त्या काळाची तीन अंगे. पोट रिते ठेवून वाचलेला घास दुसऱ्याला गेला नाही, तर तो उपवास नव्हे, केवळ काटकसर, हा त्यातील मथितार्थ. आजींच्या डब्याचे रहस्य हेच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु मदनाला जाळल्यानंतर तो नष्ट झाला नाही, अनंग झाला, हे आपल्या पुराणकारांनी सांगून ठेवले आहे. देह गेला आणि संचार वाढला. एक खेळ बंद झाला तर मोह दुसरे रूप घेईल. कायदा बाहेरचे दार लावील, आतली कडी ज्याची त्यानेच लावली पाहिजे. आणि ज्याच्या हाताला ती एकट्याने लागत नसेल, त्याने घरातील, शेजारातील कोणाला तरी हाक मारावी. व्यसन आजाराच्या पायरीला गेले असेल तर वैद्याकडे जाण्यातही कमीपणा मानू नये. आपल्या घरांत पाप झाकण्याची शर्थ होते, मूल बुडेपर्यंत शेजाऱ्याला कळू दिले जात नाही. प्रतिष्ठेचा हा मोह मुलाच्या द्यूताहून लहान आहे, असे आम्हांस वाटत नाही.

तो मुलगा आता बरा आहे. मित्रांचे पैसे फिटले. आईचे हप्त्याहप्त्याने फेडतो आहे. पूर्ण सुटला असे तो म्हणत नाही, आणि आम्ही त्यालाच सुटण्याचे लक्षण समजतो.

यंदाही शिवरात्रीच्या कीर्तनासाठी आम्ही नेरूळलाच आलो आहोत. आज रात्री कीर्तन होईल, भस्म लावू, जागरण करू. तेरवा, बुधवारी, आजी कपाळी राख लावून चर्चमधून परततील. त्या दिवसापासून चाळीस दिवस रात्री साडेदहाला आमचाही मोबाईल त्यांच्या टेबलावर, त्या डब्याशेजारी जाईल, असा संकल्प आज महादेवाच्या साक्षीने सोडीत आहोत. सकाळी त्या विचारतील, "काय बुवा, काल जिंकलात की हरलात?" जे घडले असेल ते सांगू.

वाचकांनीही आजच्या पुण्यरात्री एकच दार निवडावे, ज्याच्याशी आपले पाऊल वारंवार अडते. त्या दारी उभे न राहण्याची बुद्धी भगवान शंकर आपणां सर्वांस देवो, हीच प्रार्थना. इत्यलम्.